आबांच्या टेबललॅम्पचा बल्ब

मंडळी, आज एका बल्बसाठी जळगावहून धुळ्यापर्यंत जाऊन आलो. दमलोय, पण लिहितो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सत्तर सालच्या आसपास घेतलेला टेबललॅम्प घरी आहे. तिन्हीसांजेला तो लावून ते त्याला हात जोडायचे. गेल्या महिन्यात आबा गेले. तेव्हापासून आई तो लावते. परवा बल्ब उडाला. त्याला लागणारा बारीक टोपीचा पिवळा बल्ब जळगावात कुठेच मिळाला नाही.

धुळ्यात एका जुन्या दुकानातले शेठ हसून म्हणाले, "हे आता कोण वापरतं, भाऊ? एलईडी घ्या, डोळे दिपतील!" तरी शोधून त्यांनी एक काढला आणि होल्डरला लावून दाखवला. पिवळा उजेड पडला आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

शेठ हसायचे थांबले. "कोणाचा आहे लॅम्प?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

संध्याकाळी आईने लॅम्प लावला, हात जोडले आणि लगेच म्हणाली, "बंद करी दे आता. बल्ब एकच शे ना."

कोणाकडे असा बल्ब पडून आहे का? असेल तर कळवा. आईला तो थोडा वेळ तरी चालू ठेवता यावा.