बंदुकीच्या दस्त्यावरचे दात

नवी वस्तू जुनी करून दाखवणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ होता. औरंगाबादच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायची, आणि गॅदरिंगच्या नाटकांचं सामान दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचं. काल सुताराकडून आणलेला पाट मी चार दिवसांत पेशवाईत नेऊन बसवत असे. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी कुणी न विचारताही सांगायची. त्यामुळे धाकट्या भावानं दिल्लीहून नकली रायफल मागवली आणि पडेगावच्या त्याच्या घरी मला बोलावून घेतलं, तेव्हा माझे हात शिवशिवायला लागले.

रायफल अण्णांसाठी होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. लासूर स्टेशनच्या पुढं आमचं गाव, आणि त्या गावात अण्णांचं नाव एका गोष्टीवर उभं होतं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते विशीतले होते, आणि त्यांनी एका रझाकाराच्या हातातून रायफल हिसकावून चावडीवर लष्कराच्या स्वाधीन केली होती. गावातला जो तो ही गोष्ट आम्हाला सांगायचा. अण्णा स्वतः मात्र कधी सांगायचे नाहीत. कुणी विषय काढला तर उठून गोठ्याकडे जायचे, आणि आम्ही पोरं त्याला त्यांचा मोठेपणा समजायचो.

आता गावच्या शाळेत मुक्तिसंग्रामाच्या आठवणींची एक खोली होणार होती. खरी रायफल कधीच सरकारजमा झालेली. भावानं गावात ठोकून दिलं, की खटपटी करून मूळ रायफल परत मिळवली आहे.

"ताई, तू फक्त ती जुनी दिसंल असं कर," तो म्हणाला. "भिंतीवर टांगल्यावर कोण खाली काढून बघतंय?"

मला ते खटकलं. पण किती खटकलं म्हणाल, तर पॉलिश पेपर हातात घेईपर्यंत. नळी लोखंडाची होती, ती भावानं आधीच काळवंडून आणली होती. माझ्याकडे दस्ता होता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. तो नव्या पलंगासारखा चकचकत होता. मी आधी त्याचं व्हार्निश उतरवलं. मग पानाच्या टपरीवरून कात आणला, तो पाण्यात उकळून लाकडाला लावला आणि वाळल्यावर वरून चुन्याची निवळी फिरवली. पान खाणाऱ्याच्या ओठांवर चढतो तोच रंग लाकडावर चढला, फक्त जास्त गडद. किल्ल्यांच्या जुडग्यानं पोचे पाडले, त्यांत काजळी भरली, जवसाचं तेल जिरवलं. जिथं हात आणि गाल घासला जाईल तिथला रंग चिंधीनं पुसून फिका केला. तीन दिवसांनी तो दस्ता असा दिसायला लागला, की मलाच त्याचा मोह पडला.

तरी समाधान होईना. नकली जुनेपणा सगळीकडे सारखा दिसतो, हे मला ठाऊक होतं. खऱ्या वस्तूवर एखादी खूण अशी असते जी दुसरीकडे सापडायची नाही. तशी एक खूण मला हवी होती. अण्णा भावाकडेच राहायचे. ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अण्णा, तुमच्या रायफलीचा दस्ता कसा होता? काही खास खूण?"

त्यांनी बराच वेळ लाकडावरून हात फिरवला. ती खोटी आहे हे त्यांना माहीत होतं, पण माझ्या कामानं तेही जरा फसले असावेत. मग खालच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून म्हणाले, "हितं दातं व्हती."

"दातं?"

"व्हय. बारकी बारकी. वरचे दोन, खालचे दोन. दात येत व्हते तिला. रायफल कोपऱ्यात उभी असायची, ही रांगत जायची अन् तेच लाकूड चावत बसायची. लई मारलं तिच्या आईनं, तरी सोडायची नाय."

मला तर घबाडच मिळालं. मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि तिथंच बसून लेकराचे चार दात कोरले. कडा बोथट केल्या, काजळी भरली, पुसली. फार सुरेख जमले. हात धुताना कुठं डोक्यात प्रकाश पडला. रझाकाराच्या हातातून हिसकावलेल्या रायफलीवर लेकराचे दात कुठून आले? आणि ती मुलगी होती, तिच्या आईनं तिला मारलं, हे अण्णांना कसं ठाऊक?

मी ओल्या हातानं बाहेर आले आणि विचारलं. अण्णांनी पेपरची घडी घातली.

"शेजाऱ्याची व्हती," ते म्हणाले. "भिंतीला भिंत लागून घर. शिकारीचा नाद व्हता त्याला. रझाकार न् फिझाकार काय नव्हता तो. पोलीस ॲक्शनची बोंब उठली तवा दुपारी गोधडीत गुंडाळून घेऊन आला. म्हणला, अमानत है, संभालो. ठेव म्हणून दिली. माझ्याकडंच का? तर माझ्यावर इस्वास."

मग लष्कराचे लोक आले. घराघरातली हत्यारं चावडीवर आणा, अशी दवंडी फिरली. हत्यार सापडलं तर आपलीही गठडी वळतील म्हणून अण्णांची पाचावर धारण बसली. ते रायफल घेऊन चावडीवर गेले. कुठून आणली, असं साहेबानं विचारलं, तेव्हा तोंडून निघून गेलं, की रझाकाराकडून हिसकावली. लोकांनी खांद्यावर घेतलं. साहेबानं विचारलं, कुठला रझाकार?

"अन् मी बोट दावलं," अण्णा म्हणाले.

शेजाऱ्याला हर्सूलच्या तुरुंगात नेलं. सुटून आला तो घराला कुलूप लावण्यापुरता. बायको-पोरीला घेऊन कुठं गेला ते अण्णांना कधी कळलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. मला शरम वाटत होती, आणि ती त्यांच्याबद्दल होती, हे कशाला लपवू? ज्या नावाचा आम्ही शाळेत, सोयरिकीत, नोकरीत टेंभा मिरवला, ते असं कमावलेलं होतं.

"रायफल पाठवायची नाही," मी भावाला म्हणाले. तो उखडला. पत्रिका छापून झाल्या होत्या. पण अण्णाच म्हणाले, "जाऊ द्या. मला तितं बोलायचंय."

आम्ही गेलो. मांडव, हार, लाऊडस्पीकर सगळं होतं. खोलीतली रायफल त्या दिवसापुरती टेबलावर, लाल कापडावर ठेवली होती. अण्णांनी माईक धरला आणि मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत, सगळ्या गावाला सांगितलं. त्या शेजाऱ्याचं नावही घेतलं. "तो रझाकार नव्हता," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. अन् ही रायफलबी ती न्हवं, ही खोटी हाय."

सरपंच हळूच पुढं आले, अण्णांच्या हातातून माईक घेतला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हाताऱ्या मानसाचं असं व्हतं. वय झालं. मंडळी, रायफल तर तुमच्या डोळ्यांसमोर हाय. ही काय कालची वस्तू वाटती का? ह्या खुणा बघा."

लोक पुढं आले. त्यांनी फिका पडलेला दस्ता बघितला, पोचे बघितले, दातांवरून बोटं फिरवली. कुणी म्हणालं, झटापटीत चावला असंल रझाकार. माणसं हळहळली, की एवढ्या मोठ्या माणसाला शेवटी असा भ्रम व्हावा. माझ्या तीन दिवसांच्या कामासमोर माझ्या बापाचा शब्द टिकला नाही. अण्णा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. आता बोलायचं ते मीच, हे मला स्वच्छ दिसत होतं. भावानं डोळे वटारले.

मी उठले. माईक हातात घेतला. समोर सगळी सोयरी-धायरी, माझ्या सासरचे दोघे, शाळेतली पोरं. मी म्हणाले, "ही रायफल मी रंगवलीय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकीनं बापाच्या रायफलीला स्वतःच्या हातानं पॉलिश केलं, असा त्यांनी अर्थ घेतला. सरपंचांनी मला शाल दिली. तो अर्थ निघू शकतो हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. 'बनवली' म्हणता आलं असतं, 'खोटी आहे' म्हणता आलं असतं. मी शाल अंगावर घेतली आणि नमस्कार केला.

परतताना भाऊ गाडी चालवत होता, अण्णा मागं माझ्या शेजारी बसले होते. स्टेशनचं फाटक लागलं, गाडी थांबली. मी म्हणाले, "अण्णा, माझ्या तोंडून खरा शब्दच निघाला नाही हो."

त्यांनी माझ्या मांडीवरची शाल सारखी केली.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं, चावडीवर," ते म्हणाले.