पिवळी वाइन आणि मिरच्यांचं लोणचं

केतकीचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात वाल सोलत होते. "काकू, बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मी खुर्चीत बसले, डोळे पुसले, आणि मग... खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माणूस गेल्यावर हायसं वाटावं ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण अकराच दिवसांपूर्वी मी ॲन आर्बरला जाऊन तिच्या बाबांना, मनोहर भावजींना, भेटले होते आणि जवळजवळ तीस वर्षं पोटात ठेवलेलं एक खोटं त्यांच्यापुढे ओतून आले होते. नातीला सुट्टी मिळाली नसती, तिनं मला ड्राइव्ह करून नेलं नसतं, तर ते खोटं माझ्याबरोबरच जळलं असतं.

भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र. दोघं ॲन आर्बरच्या विद्यापीठात एकाच मजल्यावर कामाला. भावजींचं संशोधन यीस्टवर. मूळचे तासगावचे, घरची द्राक्षबाग, शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणे वाळताना बघत वाढलेले. कामासाठी ते फ्रान्सच्या पूर्वेला ज्युरा नावाच्या डोंगराळ भागात सहा महिने राहिले आणि परतले ते निम्मे तिथलेच होऊन. तिथे थोडी द्राक्षं पेंढ्यावर पसरून हिवाळ्यात सुकवतात आणि त्या सुरकुतलेल्या मण्यांच्या घट्ट रसाची गोड वाइन करतात. "वहिनी, वास अगदी आमच्या शेडचा हो," ते म्हणाले. "आमचे वडील, अण्णा, आणखी एक पायरी पुढे गेले असते तर फ्रेंच झाले असते."

शनिवारी संध्याकाळी दोघं आमच्याकडे बसायचे आणि भावजी तिथला इतिहास सांगायचे. पूर्वी त्या टेकड्या द्राक्षांनी भरलेल्या होत्या. मग मुळं खाणारी कीड आली, बागाच्या बागा वाळल्या, माणसं गाव सोडून शहरात गेली. राहिलेल्यांनी थोडक्या जमिनीत आपल्या जुन्या जाती जपल्या. हे सांगताना त्यांचा आवाज घरचं कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि नाक मुरडायचे. त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. भजनी मंडळाची प्रमुख, वाइनचे ग्लास वेगळ्या स्पंजनं घासणारी, स्वतःला फार पवित्र समजणारी बाई. तिथली लाल वाइन इतकी फिकी, की मी तिला कोकम सरबत म्हणायचे. भावजी म्हणायचे, "वहिनी, चाखून तरी बोला." मी म्हणायचे, "वासावरून कळतं मला सगळं."

त्यांचा खरा जीव होता पिवळ्या वाइनवर. ती पिंपात भरली की सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही. इतर ठिकाणी वाइन उडून कमी झाली की वरून भर घालतात, इथे तीही नाही. रिकाम्या जागेत यीस्टचा पापुद्रा धरतो, दुधावरच्या सायीसारखा, आणि तोच खालच्या वाइनला राखतो. लिटरभरातून जेवढी उरते तेवढ्याच मापाची बुटकी बाटली. मी म्हटलं, "आमच्याकडे लोणच्यावर असा पापुद्रा आला की बरणी फेकतात." त्यांनी कपाळाला हात लावला.

केतकी हायस्कूलमधून पास झाली तेव्हा पार्टी आमच्या घरी ठरली. तिच्या जन्मवर्षाची पिवळी वाइन भावजींनी खास जपून ठेवली होती. ही वाइन आधी उघडून ठेवली की खुलते, म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच बूच काढून बाटली आमच्या ओट्यावर ठेवली आणि ह्यांना सांगून गेले. मला सांगायचं दोघंही विसरले. मी त्या दिवशी पार्टीसाठी मिरच्यांचं लोणचं घालत होते. व्हिनेगर कमी पडलं. समोर बुटकी बाटली. हुंगली. आंबटसर, अक्रोडासारखी, आणि चक्क मेथीचा वास. मी म्हटलं, वा, ह्यांनी मेथी घातलेलं व्हिनेगर आणलंय. सगळी बाटली बरणीत. वासावरून कळायचं ना मला सगळं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले, भावजींनी ग्लास मांडले आणि बाटली कुठे म्हणून विचारलं. मी लोणच्याच्या बरणीकडे बघितलं आणि तेव्हा कुठे कळलं. समोर भजनी मंडळाच्या सहा बायका बसलेल्या. तोंडातून निघून गेलं, "ह्यांनी घेतली असेल थोडी थोडी." हे माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "हो रे, मोह आवरला नाही." भावजी हसले, पण फार हसले नाहीत.

त्यानंतर भावजी शनिवारी आमच्याकडे बसायला आले नाहीत. हे शनिवारी लायब्ररीत जायला लागले. ह्यांनी त्या बाटलीचा विषय कधी काढला नाही आणि काढायची माझी हिंमत झाली नाही. एका बाटलीपायी मी दोन जिवलगांची मैत्री तोडली, असं मी धरून चालले. पुढे आम्ही न्यू जर्सीला आलो. नऊ वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हाही मी काही कबूल केलं नाही. आता भावजीही जाणार असं केतकीनं कळवलं, तेव्हा मात्र राहवेना.

भावजी पलंगावर उशांना टेकून बसले होते. केतकी बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "भावजी, ती पिवळी बाटली ह्यांनी नाही प्यायली. मी लोणच्यात ओतली."

ते इतके हसले की मला पाणी द्यावं लागलं. "वहिनी, पहिल्या फोडीलाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मंडळाच्या बायका बरण्या भरभरून ते लोणचं घरी घेऊन चालल्या होत्या. त्यांच्यासमोर काय सांगू? सुरेशनं तर शपथच घातली. म्हणाला, बायको आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललीय, तिला लाजवू नकोस."

"पण तुम्ही यायचं सोडलंत ना... तुमची मैत्री..."

"सोडलं, कारण तुमच्या ओट्यावर बाटली ठेवायची भीती बसली. आमच्या बेसमेंटमध्ये दोन खुर्च्या टाकल्या. तुम्ही न्यू जर्सीला जाईपर्यंत एक शनिवार चुकला नाही."

"हे तर लायब्ररीत..."

"कसली लायब्ररी, वहिनी. तुमचंच लोणचं घेऊन यायचा. आणि तुम्ही ते भराभर संपतंय म्हणून खूश."

मला रडू यावं की त्यांना चांगलं झापावं, कळेना. तीस वर्षं मी अपराधी आणि हे दोघं चोर खाली बसून माझ्यावर हसतायत. मी दोन्ही केलं, आधी झापलं. येताना गाडीत इतकी शांत झोपले की नातीला दोनदा आवाज देऊन उठवावं लागलं.

गेल्या आठवड्यात केतकीनं बेसमेंट रिकामं केलं आणि त्यातली एक खुर्ची मला पाठवून दिली. दुसरी तिनं ठेवली. कुठली कुणाची, तिला माहीत नाही, आणि सांगणारं कुणी राहिलं नाही. मी ती खिडकीपाशी ठेवलीय. तिचा एक हात झिजून गुळगुळीत झालाय. संध्याकाळी मी तिच्यात बसते आणि कधी ह्यांना, कधी भावजींना बोल लावते. काल नातीनं विचारलं, "आजी, हूज चेअर इज धिस, रिअली?"

मी म्हटलं, भेटले की विचारते.