पायाखाली गेलेलं काम

आमचं काम असं, की संपलं की दिसत नाही. वाशिमकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या भिंतीही तिच्यासोबत हलतात. म्हणून मजले चढवायच्या आधी आम्ही ती माती काढून मुरूम भरतो, कुठे चुना मिसळून रोलर फिरवतो, कुठे खोल भोकं पाडून त्यांत खडी ठासतो. मग वर बिल्डिंग उभी राहते आणि आमचं सगळं पायाखाली जातं. हाताशी उरतात ते किस्से. चहाला बसलो की एकामागून एक निघतात.

\*

भोकं पाडायचं मशीन सुधाकर चालवतो. तो इंझोरीचा, पण कामापायी बहुतेक वेळ घराबाहेर. त्याची बायको वनिता नेहमी म्हणायची, एवढं घर सोडून राहता, केलं काय ते एकदा दाखवा तरी. एका रविवारी तो तिला वाशिमच्या एका पाचमजली बिल्डिंगमध्ये घेऊन आला. मी तिथेच होतो. दोघं लिफ्टने वर गेले, गच्ची पाहिली, खाली आले.

"यातलं तुमचं कोणतं?" तिने विचारलं.

सुधाकरने पार्किंगच्या फरशीकडे बोट केलं. "याच्या खाली हाये."

ती जरा वेळ फरशीकडे पाहत राहिली. मग पिशवीतून डबा काढला. "मंग इथंच बसून जेवू."

दोन स्कूटरच्या मधे बसून दोघं जेवले. वॉचमन त्यांना उठवायला निघाला होता, मीच त्याला थांबवलं.

\*

चव्हाणकाका चुन्याचं काम पाहतात. गाव पोहरादेवीजवळ. काकू गेल्यावर एकटेच होते, म्हणून मुलीने त्यांना कायमचं पुण्याला बोलावलं. तिचा फ्लॅट आठव्या मजल्यावर. आम्ही त्यांना हार घालून निरोप दिला, आणि महिना व्हायच्या आत काका साइटवर हजर!

मुलगी चांगली, जावई चांगला, मग झालं काय? तर काकांनी पहिल्याच दिवशी वॉचमनला विचारलं होतं, बिल्डिंगच्या खाली काय भरलंय. त्याला माहीत नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नव्हतं.

"पोरीची लय आठवण येते," काका म्हणाले. "पण तिथं पाय टेकवावं कुठं, तेच मले समजे ना."

\*

आमचे जुने साहेब रिटायर होऊन नागपूरला मुलाकडे राहतात. दर उन्हाळ्यात त्यांचा फोन येतो. माझी तब्येत विचारत नाहीत, विचारतात, "मातीत भेगा पडल्या का रे? हात जातो का आत?"

यंदा मी एका भेगेत हात घातला आणि फोटोच पाठवला. लगेच फोन आला.

"हा तुझा हात. माझा कुठवर जायचा, आठवतं?"

"कोपरापर्यंत, साहेब."

"कोपरापर्यंत," ते स्वतःशीच म्हणाले. मग फोन ठेवून दिला.

\*

सुलोचनाबाईंचं शेत पुसद रस्त्याला होतं. तिथे आता चार मजले होणार होते. मुलांनी विकायचं ठरवलं, बाईंनीही राजीखुशीने सही केली. पण आम्ही काळी माती उपसायला लागलो, तशा त्या रोज सकाळी येऊन कडेला उभ्या राहायच्या.

एक दिवस मला म्हणाल्या, "माती कुठं नेऊन राह्यले तुमी?"

मी सांगितलं, अनसिंगकडच्या एका शेतकऱ्याने मागितली आहे. त्याचं रान खडकाळ आहे, वर थर देतोय.

"मले नेता का तिथं?"

टिप्परमध्ये त्यांना चढता येईना, म्हणून मी मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. शेतकरी ढीग पसरवत होता. बाईंनी बांधावर चपला काढल्या आणि त्या मातीतून पार टोकापर्यंत चालत गेल्या. तिथे वाकून एक ढेकूळ उचललं, मुठीत फोडलं, तिथंच सोडलं.

शेतकरी फावडं ठेवून जवळ आला. "काय पाह्यजे, माय?"

"काही नाही."

परत येऊन त्यांनी चपला घातल्या. गाडीपर्यंत आल्या, आणि मागे वळल्या.

"तूर लावजो," त्याला म्हणाल्या. "हिले तूर मानवते."