मोठा पीर कोण उचलणार

माझ्या चुलत्यांच्या उजव्या गुडघ्यावर गेल्या वर्षी उन्हाळ्यात लातूरच्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितले की चालता येईल, पण ओझे उचलायचे नाही.

चुलत्यांनी विचारले, "वर्षातून एकडाव?"

"एकदाही नाही," डॉक्टर म्हणाले.

मोहरम जवळ आला होता.

आमचे गाव उदगीर तालुक्यात आहे. गावात मुसलमानांचे घर एकच, मुजावर चाचांचे. तरीही मोहरमला आशुरखान्यात, म्हणजे त्यासाठीच्या खोलीत, तीन पीर बसतात. पीर म्हणजे उंच काठीच्या टोकाला बसवलेला धातूचा पंजा. त्याला रंगीत कापड गुंडाळतात, फुलांचा सेहरा बांधतात. दहाव्या दिवशी दुपारी ते गावातून घरोघर फिरवतात आणि ओढ्यावर नेऊन थंड करतात, म्हणजे पाणी लावून निरोप देतात. दोन लहान पीर ज्याचा नवस असेल तो उचलतो. मोठा पीर मिसरूड फुटल्यापासून चुलते उचलत आले होते.

पीर हा फारसी शब्द आहे. मूळ अर्थ म्हातारा माणूस. त्यावरून वडीलधारा, मग गुरू, मग संत. आमच्या भागात तो दर्ग्यापुरता राहिला नाही. गावाच्या उत्तरेला पिराचा माळ आहे, तिथल्या सातबाऱ्यावर सगळी नावे हिंदू आहेत. पलीकडच्या वस्तीला पीरवाडी म्हणतात. तिथे दर्गा नाही, कधी होता असे कोणी सांगत नाही. नांदेडमध्ये एका मोठ्या वसाहतीच्या नावात पीर आहे. आणि माणसांची नावे तर आहेतच. मूल जगत नसेल तर आई पिराला नवस बोलते, मूल जगले की त्याचे नाव पिराजी ठेवते. सीमा ओलांडून बिदरकडे गेले की त्याच नावाचा पीरप्पा होतो.

हे सगळ्यांना ठाऊक असते असे नाही. मी नांदेडला एका दैनिकात काम करतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे साताऱ्याकडचा एक उपसंपादक नव्याने आला. मुदखेडच्या वार्ताहराने पाठवलेली निधनवार्ता त्याच्याकडे गेली. मृताचे नाव पिराजी. याने 'अंत्यसंस्कार' खोडून 'दफनविधी' केले आणि बातमी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी मृताचा मुलगा डोक्याचे केस काढलेल्या अवस्थेत कार्यालयात आला.

"साहेब," तो म्हणाला, "आम्ही बापाला जाळून आलो अन् तुम्ही पुरून मोकळे झालात."

दुरुस्ती छापली. उपसंपादकाने मला विचारले, "मग हे नाव कसं काय?" मी त्याला चुलत्यांची हकिकत सांगितली, कारण माझ्या चुलत्यांचे नावही तेच आहे.

चुलत्यांच्या आधीची भावंडे पाळण्यातच गेली होती. माझ्या आजीने मोठ्या पिरासमोर पदर पसरला. जगला तर तुझे नाव ठेवीन, तुझे ओझे तो वाहील, असे ती म्हणाली. चुलते जगले. गावाचा रिवाजही तसाच होता. मोठा पीर त्याच्या नावाच्या माणसानेच उचलायचा. चुलत्यांच्या आधी त्यांच्या चुलत्याने उचलला, त्याचेही नाव पिराजी. उचलणारा नसेल त्या वर्षी, मोठा पीर एरवी ज्या पेटीत असतो ती उघडायची नाही, हेही ठरलेले. पेटी बंद राहिल्याचे मात्र कोणाच्या आठवणीत नव्हते.

पुढच्या पिढीत हे नाव चुलत्यांच्या मुलाला दिले होते. तो लातूरला एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीनंतर त्याने नाव बदलून घेतले. आता बायकोसह सगळे त्याला नव्या नावाने हाक मारतात. जुन्या नावाने फक्त चुलते बोलावतात.

चुलत्यांनी आधी त्यालाच विचारले. तो रविवारी गावी आला होता. मीही नांदेडहून लोहा, अहमदपूर करत बसने पोचलो होतो. चुलते ओसरीवर बाजेवर पाय लांब करून बसले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून काकू मला म्हणाल्या, "बघ, पीर बसल्यावानी बसलेत. उठा म्हणायची सोय न्हाई. वाढा, उचला, वाढा, उचला."

चुलते हसले नाहीत. मुलाला म्हणाले, "औंदा तू उचल."

"आबा, मी येईन त्या दिवशी. रजा टाकतो. पण उचलणार नाही."

"का?"

"नाव सोडलंय मी ते. ते नाव असणाऱ्यानं उचलायचं, असं तुम्हीच सांगता. मग मी उचललं तर खोटंच की."

"कागदावर सोडलं. पाळण्यातलं कुठं जातंय?"

"लातुरात पहिल्या वर्षी खोली बघायला गेलो तर मालकानं नाव ऐकलं अन् खोली दिली गेली म्हणाला. रिकामीच होती, कुलूप होतं तिला, आबा. दुसऱ्यानं विचारलं, तुमच्यात काय काय चालतं? पोरं तर दर्ग्यावाला म्हणायची. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही."

चुलते म्हणाले, "मला कधी कुणी न्हाई इचारलं, काय चालतं म्हणून."

"तुम्ही खोली कधी शोधली?" मुलगा म्हणाला.

काकूंनी चहा आणला.

पुढच्या आठवड्यात भावकी आशुरखान्याच्या ओट्यावर जमली. मुजावर चाचा खांबाला टेकून बसले होते. ते चुलत्यांपेक्षा वयाने थोडे मोठे. दोघे एकमेकांना म्हाताऱ्या म्हणूनच हाक मारतात आणि दोघांनाही ती दुसऱ्यालाच लागू आहे असे वाटते.

भावकीतल्या एकाने तोड काढली. घराण्यातला एखादा धट्टाकट्टा पोरगा पुढे करायचा, त्याला त्या दिवसापुरते पिराजी म्हणायचे.

चाचा म्हणाले, "एका दिवसाचा पिराजी? मंग पीर बी भाड्यानं आणू का, उदगीरच्या मंडपवाल्याकडून?"

लोक हसले. तोड काढणारा चिडला. "मग तुम्हीच सांगा चाचा, कोण हाय दुसरा?"

"हाय की. तुमचा अ‍ॅपेवाला."

हसणे थांबले. चाचा ज्याच्याबद्दल बोलत होते तो मातंग वस्तीतला. गाव ते उदगीर अशी तीनचाकी अ‍ॅपे चालवतो. तोही नवसाचा आणि त्याचेही नाव पिराजी. त्याच्या गाडीच्या काचेवर 'पीरसाहेब प्रसन्न' असे लिहिलेले आहे.

"मान आमच्या घराण्याचा हाय," तोड काढणारा म्हणाला.

"मान पिराचा हाय," चाचा म्हणाले. "तुमच्याकडं उचलायला दिला होता."

"चाचा, तुमचं बोलणं सोपं हाय."

"सोपं कायकू असंल? मी या गावात एक घर हाय बाबा. मी बोललो की सगळे दिसतात मला, अन् तुम्हा सगळ्यास्नी मी एकटा दिसतो."

सगळ्यांनी चुलत्यांकडे पाहिले. चुलते म्हणाले, "बघतो." बैठक उठली.

शस्त्रक्रियेनंतर चुलत्यांना उदगीरला व्यायामासाठी न्यावे लागत होते. ते त्याच अ‍ॅपेतून जात. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो. चुलते पुढे चालकाशेजारी बसले, पाय मोकळा राहावा म्हणून. मी मागे होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन उगवून आले होते. गाडीचा आवाज मोठा, त्यामुळे दोघेही ओरडून बोलत होते.

"भावकीत काय बोलणं झालं, कळलं का तुला?" चुलत्यांनी विचारले.

"कळलं मालक. गावात काय ऱ्हातंय लपून? मी न्हाई मागितलं कुणाला काही."

"तुला कोण म्हणतंय मागितलं म्हणून? मी इचारतो, तुझं नाव कुणी ठेवलं?"

"आईनं. माझ्या आधीचे दोघं गेले. मी बी जाणारच होतो. ताप उतरत नव्हता. मंग आईनं मला पिराच्या वाटंवर निजवलं."

ही रीत अजून आहे. आजारी मूल वाटेवर झोपवतात आणि पीर घेतलेला माणूस त्याच्यावरून पाऊल टाकून पुढे जातो.

"कुठं निजवलं?"

"वेशीच्या बाहेर, लिंबाखाली. वस्तीतल्या बाया तिथवरच यायच्या."

चुलत्यांनी मान त्याच्याकडे वळवली. "पिवळ्या फडक्यात होतास का तू?"

"मला काय ठावं, मालक? मी निजलेला होतो."

"लई रडत होता एक पोरगा. पाय टाकला अन् गप झाला. मला वाटलं, गेला की काय."

"न्हाई गेला. अ‍ॅपे चालवतोय," तो म्हणाला, आणि हॉर्न वाजवून समोरच्या म्हशी बाजूला केल्या.

ते मूल हेच होते का, याला दुजोरा देणारे आता कोणी नाही. त्याची आई वारली आहे. चुलत्यांनी त्या काळात अनेक मुले ओलांडली असणार. मी चुलत्यांना नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, "तू पेपरवाला हाईस, तुला खात्री लागते. मला लिंब आठवतो."

त्या दिवशी संध्याकाळी चुलत्यांनी आशुरखान्यात जाऊन चाचांना निरोप दिला की मोठा पीर अ‍ॅपेवाला उचलेल. चाचा म्हणाले, "म्हाताऱ्या, उशीर केलास." चुलते म्हणाले, "गुडघा आत्ता गेला."

घरी कळल्यावर काकूंनी एकच प्रश्न विचारला. "दारात आल्यावर पाणी कोण घालणार?"

पीर दारात आला की उचलणाऱ्याच्या पायांवर घरातल्या सवाष्णीने तांब्याभर पाणी घालायचे आणि ओल्या पावलांना हात लावून तो कपाळी न्यायचा, ही रीत. इतकी वर्षे गावातल्या सगळ्या घरांनी चुलत्यांच्या पायांवर पाणी घातले होते. भावकीला खटकत होते ते हेच. बैठकीत मात्र ते कोणी बोलले नव्हते.

"तुझं तू बघ," चुलते म्हणाले.

"मी बघू? मान तुम्ही द्यायचा अन् वाकायचं मी?"

"मंग नको वाकू."

काकू आत गेल्या. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

दहाव्या दिवशी आषाढी एकादशीही होती. अर्ध्या गावाला उपवास होता. चाचांच्या घरून आलेला मलिदा काकूंनी ताटाखाली झाकून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. लातूरहून मुलगा सकाळीच आला होता. आशुरखान्यात उदाचा धूर झाला. चाचांनी फातिहाची प्रार्थना म्हटली आणि पेटीतून काढून बसवलेल्या मोठ्या पिराला शेवटचा हार घातला. अ‍ॅपेवाल्याने अंघोळ करून नवे धोतर नेसले होते. एरवी तो पँट घालतो, त्यामुळे सारखे सावरत होता.

"धोतर धरशील का पीर?" चाचांनी विचारले.

"दोनी सुटनार न्हाईत, चाचा."

त्याने पीर उचलला. पहिल्या पावलाला काठी थोडी झुकली. चुलत्यांचा मुलगा बाजूला उभा होता. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. काठी सरळ झाली. हलगी सुरू झाली.

पहिले घर आमचे. चुलते पायरीवर बसून होते, चालायची काठी शेजारी. अ‍ॅपेवाला अंगणात येऊन थांबला आणि अंतर ठेवून उभा राहिला.

"फुडं ये," चुलते म्हणाले.

तो दोन पावले पुढे आला.

"अजून. माझा हात पोचत न्हाई."

तो पायरीला लागून उभा राहिला. काकू दारात होत्या, हातात तांब्या. चुलत्यांनी मागे न बघता हात केला. काकूंनी तांब्या त्यांच्या हातात दिला. चुलत्यांनी बसल्या बसल्या त्याच्या दोन्ही पायांवर पाणी घातले, वाकता येईल तेवढे वाकले आणि ओला हात कपाळाला लावला.

"मालक," तो म्हणाला. दोन्ही हात काठीला होते.

"जा आता. उन्हं तापलीत. अन् लिंबाखाली थांब, तिथं बाया असतील."

पीर पुढच्या घराकडे वळला. ते बैठकीत तोड काढणाऱ्याचे घर. दार लावलेले होते. उंबऱ्याबाहेर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला होता, त्यावर झाकण होते. हलगी थांबली. आमच्या दारातून काकू उतरल्या, गर्दीतून तिथवर गेल्या, झाकण काढले आणि तो तांब्या उचलला.