उरलेल्या गोळ्यांचा डबा

रांझीच्या आमच्या क्वार्टरांत शेजारी जसं विरजण मागतात, तशा माझ्याकडे गोळ्या मागायचे. मी दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालो, पण माझा बिस्किटांचा डबा ड्युटीवरच होता. नियम एकच: ताप उतरला की गोळी बंद, उरलेली पट्टी डब्यात. त्या डब्यानं मी अर्धं जबलपूर बरं केलं. उरलेलं अर्धं माझ्या धाकानं आजारीच पडलं नाही.

मग पनागरला मटार घ्यायला गेलो नि पायात काटा मोडला. त्यात मी साखरेचा जुना पेशंट. डब्यातल्या एका रंगाच्या गोळ्या खाल्ल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाऊल असं फुगलं, की दारातून आधी ते आत जायचं आणि बऱ्याच वेळानं मी.

आता दवाखान्याच्या वेगळ्या खोलीत पडून राहिलो आहे. माझे जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून दार कायम बंद. खिडकीही उघडत नाही. येणारा प्रत्येक माणूस झगा नि हातमोजे चढवून येतो. कारखान्यात स्फोटकांनाही इतका मान नव्हता.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "अंकल जी, पहले कौन-कौन सी दवा खाई?"

"एक भी नहीं, बेटा."

बायकोनं संत्र्यांच्या पिशवीतून डबा काढला. "काहून खोटं बोलून राहिले? घ्या मॅडम, सगळं यांनीच जमवलं!" केवढा तो अभिमान!

बाई रिपोर्ट बघत एकेक पट्टी बाजूला ठेवत गेल्या. "ये नहीं चलेगी. ये भी नहीं. आधी-अधूरी गोलियों से कीटाणु पक्के हो गए हैं." डब्याचा तळ दिसला. रिपोर्टात चालणारं औषध एकच उरलं होतं, तेही सलाईनमधून, चौदा दिवस. त्यानंही काम केलं नाही, तर पाय गुडघ्याखालून काढायचा.

"मुझे अकेले को क्यों बंद किया?" मी चिडलो.

"अकेले कहाँ, अंकल जी? इस गलियारे के हर कमरे में ऐसा ही एक डिब्बा आया है."

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी उठून बसलो. "चलो, झालं! उरलेल्या बाटल्या घरी नेऊ, कोणाच्या तरी कामी येतील."

बायकोनं स्टूल ओढलं नि दाराला पाठ लावून बसली. "दहा दिवस आहेत अजून. हलून दाखवा."

मग परत उठून आली, माझ्या सुजलेल्या पायाचा अंगठा करकचून दाबला. "कळते का पायाला?"

मी असा बोंबललो, की रांझीच्या बसलाही ब्रेक लागला असेल.

"बरं आहे," ती म्हणाली, नि पुन्हा दारात जाऊन बसली.