झेंडूची माळ घातलेली भट्टी

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली एकच, माझी थोरली बहीण प्रतिभा. आम्ही मखमलाबादचे, झेंडू आणि मेथी विकून जगणारे. तिने इंजिनिअरिंग केलं आणि अंबडच्या एका बोल्टच्या कारखान्यात लागली, तीही मल्हारीमामाच्या शब्दावर. मामा तिथे भट्टीवर होता.

तिचं काम आम्हाला कळायचं नाही, म्हणून ती जेवताना समजावून सांगायची. बोल्टवर जस्ताचा मुलामा चढवण्याआधी तो आम्लात बुडवतात. या सगळ्यात हायड्रोजन पोलादात शिरतो. मुलाम्यानंतर बोल्ट लगेच भट्टीत तापवला तर तो निघून जातो. उशीर झाला तर आत दबा धरून बसतो, आणि बोल्ट आवळल्यावर दोन-चार दिवसांनी, कुणी हातही न लावता, तो तडकतो. हायड्रोजन कुठे साठेल, चीर कुठून निघेल, हे ती कॉम्प्युटरवर आधीच काढून बघायची. ऑफिसातले लोक तिला ज्योतिषीणबाई म्हणायचे. तिला ते आवडायचं. आवडणारच.

दोन हजार चारची खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा होती. आमच्याच शेतातल्या झेंडूची माळ तिने ओवून नेली आणि मामाच्या भट्टीला घातली. कुंकू लागलं, नारळ फुटला. तेवढ्यात घाईच्या ऑर्डरचा माल मुलामा होऊन भट्टीपाशी आला.

मामा मालकांना म्हणाला, "साहेब, माल वला हाय. भट्टी लावू का?"

"पूजा झालेल्या भट्टीला आज हात लावायचा नाही. उद्या बघू," मालक म्हणाले.

मामाने प्रतिभाकडे पाहिलं. ती शेजारीच आरतीचं तबक धरून उभी होती. एवढ्या लोकांत, सणाच्या दिवशी मालकांना काय अडवायचं, असं तिला वाटलं. तिने मान खाली घातली.

माल दुसऱ्या दिवशी तापवला आणि पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजला गेला. तिथे बोल्ट आवळून झाले, गारव्याचं मशीन त्यांच्यावर उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी बोल्ट तुटले, मशीन कलंडलं आणि खाली काम करणाऱ्या तरुण फिटरचा पाय गेला.

मग मीटिंग बसली. प्रतिभाने पडद्यावर चीर वाढताना दाखवली. भट्टी उशिरा लागली, हे कारण तिने अचूक काढलं.

"भट्टीवर कोण होतं?" मालकांनी विचारलं.

"मल्हारी," मॅनेजर म्हणाला.

पूजेचा विषय मालकांनी काढला नाही. तिनेही काढला नाही. संध्याकाळी मामाचा गेटपास काढून घेतला. ती घरी येऊन रडली, म्हणाली, "पूजेचं मला कुणी विचारलंच नाही." मला इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले. विचारायला कशाला हवं होतं?

मामा आमच्याच शेतात फुलं तोडायला येऊ लागला. प्रतिभाला त्याने एका शब्दाने दुखावलं नाही. पुढच्या दसऱ्याच्या आधी, एका सकाळी, टोपली दारात ठेवून तो आत आला. तिने घरीही कॉम्प्युटर घेतला होता.

"पोरी, मला येकदा दाखव. त्याच दिवशी भट्टी लावली असती तर?"

तिने भट्टीची वेळ बदलून प्रोग्राम पुन्हा चालवला. बोल्ट अख्खा राहिला.

"म्हंजे मी मालकाचं ऐकलं नसतं, तर त्या पोराचा पाय राहिला असता."

"मामा, तू विचारलं होतंस. मी तिथेच होते," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा.

"तू होतीस, हे मला ठाव हाय," मामा म्हणाला आणि टोपली उचलून फुलांकडे गेला.

ती अजून त्याच कारखान्यात आहे. खंडेनवमीची माळ आता मी ओवते. ती झेंडूला हात लावत नाही.