आधी पाहुणीला बघ!

"वहिनी, हिंडायची एवढी हौस आहे ना, मग चल माझ्याबरोबर," असं नणंद फोनवर म्हणाली आणि मी पिशवी भरली. सुषमा कर्जतला भिसेगावात राहते, आरोग्यसेविका आहे. कुष्ठरोग जवळजवळ गेलाय, पण चोरपावलांनी परत येत नाही ना, हे बघायला ती वाड्यावाड्यांवर माणूस न् माणूस तपासते. मला काय, डोंगर बघायला मिळणार होते!

पुण्याहून एसटीनं घाटाखालच्या शिळफाट्याला उतरले, उभ्याउभ्या दोन वडापाव हाणले आणि कर्जतची गाडी धरली. तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, उन्हाळ्यात भाजून निघाल.

सकाळी डांबर संपेपर्यंत रिक्षा, दोघींचे दीडशे. पुढे पाऊण तास चढ. सुषमा टणाटण पुढे, माझा पार भाता झालेला.

ठाकर आदिवासींच्या वाडीत बायकांची तपासणी घरात, दार लोटून. फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला लावून त्यावर पेनाचं टोक टेकवायचं. कुठं लागलं ते बाईनं बोटानं दाखवायचं; टोक लागलेलं कळलंच नाही तर कुष्ठरोगाची शंका. तपासून झालेल्या घराच्या दारावर खडूची खूण करायची.

हिरूबाईंनी नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली, पण पाठ काही दाखवेनात. "आदी पाव्हनीला बघ गं. आमच्यात पाव्हन्याच्या आदी कुनी काय घेत नाय."

बायका खो खो हसल्या. मीही हसत बाही वर केली. कोपरावर एक डाग होता, त्यावर मी सहा महिने गजकर्णाचं मलम चोळत होते. डोळे मिटले.

"टेकव की गं!"

"वहिनी, तीनदा टेकवलं."

डोळे उघडले तर टोक डागावरच होतं. हिरूबाईंनी माझा तोच हात धरला. "रडू नको बाय. माझ्या दिराचा रोग गोळ्यांनी गेला, आता झाडावर चढतो." आणि स्वतःची पाठ सुषमापुढे केली.

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. सहा महिने गोळ्या, त्याही फुकट. वेळेत सापडलाय, हाताला काही होणार नाही.

पुण्यात आमच्या भागातल्या आरोग्यसेविकेनं घरच्यांना तपासलं. सोसायटीत बोभाटा नको म्हणून ती खूण न करताच निघाली होती. मीच खडू मागून घेतला.

"हे काय गं दारावर?" समोरच्या काकूंनी विचारलं.

सगळं सांगून टाकलं. काकूंनी आपलं दार उघडलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आत ये, दार लोट. माझी पाठ बघ."